मे महिन्यात डोंगरात राहायची जागा कशी बघायची: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

सुट्टीत कुठं जायचं ह्यावर घरात आठवडाभर चर्चा होते, खरं राहायचं कुठं हे मोबाईलवर चार फोटो बघून पाच मिनिटात उरकतात. माझं म्हणणं आहे की वेळ घालवायचाच तर राहायच्या जागेवर घालवा. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की मे महिन्यात फिरणं होतं सकाळी दहापर्यंत आणि परत संध्याकाळी पाचनंतर, मधले सहा-सात तास सगळी त्या जागेतच असतात. त्यामुळं कुठलीही जागा बघताना आधी एकच विचारायचं, दुपारी अकरा ते चार आम्ही सगळी मिळून बसणार कुठं? फोटोत नुसता बेड, टीव्ही आणि बाथरूम दिसतंय, व्हरांडा नाही, झाड नाही, झोपाळा नाही, तर ती जागा एकट्या-दुकट्याला ठीक आहे, कुटुंबाला नाही.

आता उंची. आपलं बेळगावच समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि हे आपल्या कुणाच्या लक्षातच राहत नाही. आंबोली ६९० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा जरा खालीच. दांडेली तर पाचशे मीटरच्याही खाली, आणि तरी एप्रिल-मेमध्ये लोक "थंड हवेला" म्हणून दांडेलीला जातात. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री उतरतात हा ढोबळ हिशोब धरा. महाबळेश्वर १३५० मीटरच्या वर, म्हणजे बेळगावपेक्षा चारेक डिग्रीचा फरक, उटी २२४० मीटर, तिथं नऊ-दहा डिग्रीचा. पाचगणी, मडिकेरी, चिक्कमगळूर ही बेळगाव आणि महाबळेश्वरच्या मधली. आंबोलीला किंवा जांबोटी-कणकुंबीकडं जो गारवा मिळतोय तो उंचीचा नाही, झाडीचा आहे, आणि संध्याकाळी कोकणातनं वर येणाऱ्या वाऱ्याचा. म्हणूनच तिथं जागा कुठली घेतो ह्याला जास्त किंमत आहे. आंबोलीत मेन रोडला लागून सिमेंटची खोली घेतली तर दुपारी घरी बसल्यासारखंच वाटणार, तेच चौकुळकडं झाडीत जुनं घर मिळालं तर पंख्याशिवाय झोप लागते.

तारखांचं एक सांगते, हा आपल्याकडच्या लोकांचा मोठा फायदा आहे आणि बरेच जण वापरतच नाहीत. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दहा-बारा तारखेलाच सुट्टी लागते, महाराष्ट्रातल्या शाळा नंतर सुटतात. म्हणजे एप्रिलचा दुसरा पंधरवडा आपला. रेट कमी, निवड जास्त, आणि होमस्टेवाले पण निवांत बोलतात. कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांबरोबर जायचं असेल तर मे शिवाय गत्यंतर नाही, मग निदान शनिवार-रविवार टाळा आणि सोमवार ते गुरुवार बघा.

फोटोंवर अजिबात विसंबू नका. आंबोली, चोर्ला, जांबोटी ह्या भागातल्या जवळपास सगळ्या जागांचे फोटो जुलै-ऑगस्टचे असतात, धबधबा, धुकं, हिरवंगार. मे महिन्यात आंबोलीच्या धबधब्याला पाणी नसतं, वज्रपोहालाही पावसाळ्यातला जोर नसतो, गवत पिवळं पडलेलं असतं. म्हणून फोनवर सरळ म्हणायचं, "दादा, आज आत्ता काढलेला अंगणाचा व्हिडिओ पाठवा की." पाठवला तर माणूस सरळ आहे, टाळाटाळ केली तर दुसरी जागा बघा. रिव्ह्यू वाचतानासुद्धा एप्रिल-मेमध्ये राहून आलेल्यांचेच वाचा, पावसाळ्यात राहिलेल्या माणसाच्या कौतुकाचा आपल्याला उपयोग नाही.

छप्पर! ह्याबद्दल कुणी विचारतच नाही. हल्ली डोंगरात त्रिकोणी काचेच्या खोल्या, पत्र्याच्या कॉटेज आणि डोम टेंट फार निघालेत, फोटोत छान दिसतात, पोरं पण हट्ट धरतात. मे महिन्यात दुपारी बाराला त्या टेंटमध्ये हात घालून बघा, आत थांबवत नाही. पत्रा ऊन गेल्यावर लवकर गार होतो, खरं दुपारची झोप गेली ती गेलीच, आणि वळवाचा पाऊस आला तर पत्र्यावर असा आवाज होतो की लहान बाळ दचकून उठतंय. स्लॅबची वरच्या मजल्यावरची खोली त्याच्या उलट, दिवसभर तापते आणि रात्री बारापर्यंत भट्टीसारखी गरम राहते. सगळ्यात चांगलं म्हणजे मंगळुरी कौलांचं उंच छप्पर, आत लाकडी माळा, आणि भिंती जाड, शक्य तर चिऱ्याच्या. ते नाही मिळालं तर स्लॅबच्या इमारतीत तळमजला मागा, आणि खोलीची खिडकी पश्चिमेला नको म्हणून स्पष्ट सांगा. एसी आहे म्हणून खूश व्हायचं कारण नाही, वळवाच्या दिवसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. विचारायचं ते हे, की लाईट गेल्यावर पंखा किती वेळ चालतोय.

दुसरी मोठी गोष्ट पाणी. जिथं पावसाळ्यात अंगण वाहून जातं तिथंच मे महिन्यात टँकर येतो, हे डोंगरात सगळीकडं आहे. मी फोनवर असं बोलते, अगदी असंच:

"नमस्कार दादा, आम्ही बेळगावहून बोलतोय. मोठी सहा, लहान तीन. पाणी विहिरीचं की बोअरचं?"
"विहिरीचं आहे ताई."
"मे मध्ये पुरतंय? का टँकर मागवता?"
"शेवटच्या आठवड्यात मागवायला लागतो."
"मग बाथरूमला चोवीस तास येतं का वेळेवर?"
"सकाळ-संध्याकाळ सोडतो."

हे कळलं की आपण ठरवू शकतो. सकाळ-संध्याकाळ पाणी म्हणजे लहान बाळ असेल तर नको, बाकीच्यांना बादली भरून ठेवली की चालतंय. आणि असं खरं सांगणाऱ्या माणसाकडं मी डोळे झाकून बुकिंग करते, कारण जो पाण्याबद्दल खोटं बोलत नाही तो शक्यतो बाकीच्या गोष्टीतही फसवत नाही. चिक्कमगळूर, मडिकेरीकडं फोन लावताना कन्नडात बोला, मोडकं-तोडकं असलं तरी चालतंय, "अण्णा, नीरु हेंगिदे" (पाणी कसं आहे) म्हणून विचारलं की माणूस मोकळा होतो. दोन्ही भाषा कानावर असण्याचा हा फायदा आहे, घ्यायचाच.

गरम पाणी कसं येतंय तेही विचारा. सोलर, लाकडावरचा बंब, इलेक्ट्रिक गिझर, काहीही चालेल, खरं बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल तर तिथं पोरांना एकटं आंघोळीला सोडू नका. हवा खेळती नसली की त्यात कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. असला गिझर असेल तर मी ती खोलीच घेत नाही.

घरात गुडघेदुखीवाली माणसं असतील, आणि कुणाच्या घरात नाहीत, तर "व्हॅली व्ह्यू" हा शब्द ऐकला की सावध व्हा. व्हॅली व्ह्यू म्हणजे बहुतेक वेळा खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पार्किंगपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, खोलीपासून जेवायच्या जागेपर्यंत किती, कठडा आहे का, हे आकड्यात विचारा. "थोड्याच आहेत" ह्या उत्तरावर थांबू नका. आमच्या सासूबाईंना दिवसातनं तीन वेळा जेवणाखाण्यासाठी चढ-उतार करायला लागला तर दुसऱ्या दिवशी त्या खोलीतनं बाहेरच पडत नाहीत, मग त्यांनी सुट्टी कसली घेतली! कमोड, बाथरूममधली फरशी घसरती आहे का, रात्री बाहेर दिवा असतोय का, हे ओघानं आलंच.

प्रवासात गाडी लागते त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट. आंबोली आणि चोर्ला दोन्ही आपल्या बाजूनं घाटमाथ्यावर आहेत, खरा घाट पुढं कोकणात-गोव्यात उतरताना लागतोय. म्हणजे बेळगावहून शिनोळी-पाटणे फाट्यावरनं आंबोलीला जाताना किंवा जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्याला जाताना मोठी वळणं फारशी नाहीत. निपाणी-चिकोडीवाल्यांना संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा मार्गे आंबोली सोयीची. महाबळेश्वरला मात्र वाईकडनं पसरणी घाट चढायलाच लागतो.

आता जंगलाला लागून जागा घेणार असाल तर. चंदगड, आजरा, दोडामार्ग पट्ट्यात रानटी हत्ती फिरतात, फणस पिकायच्या दिवसात वस्तीजवळ पण येतात. कंपाऊंड आहे का, रात्री जेवायला अंधारातनं चालत जायला लागतंय का, हे विचारा. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाच्या केस झालेल्या आहेत, तो गोचिडीतनं येतो आणि त्याचे दिवस हिवाळ्यापासून मे-जूनपर्यंतचेच, म्हणून झाडीत पालापाचोळ्यात पोरांना लोळू देऊ नका आणि संध्याकाळी अंगावर गोचीड बघा. साप-विंचवासाठी जवळचा सरकारी दवाखाना किती किलोमीटरवर हे आधीच लिहून ठेवा. मोबाईलला रेंज नसते अशा जागा जांबोटीच्या पुढं बऱ्याच आहेत, तिथं फोन-पेच्या भरवशावर जाऊ नका, रोख ठेवा. नदीकाठची जागा असली, खासकरून काळी नदीवर, तर लक्षात ठेवा की वर सुपा धरण आहे, पाणी सोडलं की पातळी बदलते. पोरं किनाऱ्यावर असली की एक मोठं माणूस तिथंच पाहिजे.

लांब जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. महाबळेश्वरला मे महिन्यात मार्केटजवळ राहायचा मोह होतो, खरं वेण्णा लेककडचं ट्रॅफिक बघता मी म्हणेन बाजूच्या गावात राहा. भिलार बघा. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे गाव ४ मे २०१७ ला "पुस्तकांचं गाव" म्हणून सुरू झालं, गावातल्या काही घरांत मराठी पुस्तकं ठेवलेली आहेत, कुणीही जाऊन बसून वाचावीत. दुपारी अकरा ते चारचा आपला जो प्रश्न आहे त्याला ह्याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. कन्नड किंवा इंग्लिश मिडियमला शिकणारी आपली पोरं चार दिवस मराठी पुस्तकं हातात घेतात, आजोबा एका कोपऱ्यात, नात दुसऱ्या कोपऱ्यात, मोबाईल बाजूला पडलेला. सीमाभागातल्या प्रत्येक घरानं एकदा तरी पोरांना तिथं राहायला न्यावं असं मला मनापासून वाटतं.

उटीला स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर राहायचा हिशोब रस्त्यावरनं करा. बंडीपूरचं जंगल रात्री ९ ते सकाळी ६ गाड्यांना बंद असतंय, म्हणजे बेळगावहून एका दमात पोचायचं डोक्यातनं काढा, पहिली रात्र म्हैसूरला. आणि ७ मे २०२४ पासून निलगिरी (उटी ह्याच जिल्ह्यात येते) आणि कोडाईकनालला जायला ई-पास लागतोय, तो आधी काढा आणि मगच पैसे भरा. ठरवून भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी नेत असाल तर दुसऱ्या राज्याचं परमिट आहे का हे ड्रायव्हरला निघायच्या आधी विचारा, मग गाडी महाराष्ट्रात जाऊ दे नाहीतर तमिळनाडूत.

जेवणाचं लांबवत नाही. होमस्टेला घरचं जेवण मिळतंय का, पोरांसाठी वेळेआधी वरण-भात करून देतील का, आणि शाकाहारी माणसं असतील तर भांडी वेगळी आहेत का, एवढं विचारलं की झालं. जांबोटी-कणकुंबीकडं नाचणीची भाकरी मागितली तर खुशीनं करतात.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीच्या साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आठ हजाराची एक खोली घेण्यापेक्षा चार-चार हजाराच्या दोन खोल्या घेतल्या तर टॅक्सही कमी आणि म्हाताऱ्यांना झोपही नीट. ॲडव्हान्स पाठवताना फक्त गुगलवर सापडलेल्या नंबरला पाठवू नका, खोट्या साईट्स आणि खोटे नंबर पुष्कळ आहेत. त्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानाला किंवा हॉटेलला फोन करून अशी जागा आहे का विचारा, पाच मिनिटाचं काम आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, जितकं लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. कॅन्सल केलं तर किती परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

पोचल्यावर सामान लगेच उतरवायचं नाही. आधी घरातल्या एका माणसानं खोलीत जाऊन नळ सोडून बघायचा, फ्लश करून बघायचा, लाईट बंद करायला सांगून इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय का बघायचा, खिडकीला जाळी आहे का, दाराची कडी आतनं नीट बसते का, गाद्या उचलून खाली ढेकूण आहेत का तेही. खोली बदलायची असेल तर ह्याच वेळी मागायची, एकदा बॅगा आत गेल्या आणि पोरं बेडवर उड्या मारायला लागली की कुणी बदलून देत नाही.