हायल्युरॉनिक ॲसिडच्या सीरममध्ये गुठळ्या होत असतील तर

लक्षण असं: त्वचेला लावायचं सीरम बनवताना सोडियम हायल्युरोनेटची (म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडच्या सोडियम क्षाराची) पावडर पाण्यात टाकली की पिठल्यात होतात तशा गुठळ्या. बाहेरून पारदर्शक, चिकट. फोडून पाहिली तर आत पावडर कोरडीच. पाणी लागताच बाहेरचा थर फुगतो आणि पुढे पाणी जाऊच देत नाही.

गरम पाणी वापरून पाहिलं, हँड ब्लेंडर फिरवला, गाळून पाहिलं. ब्लेंडरने नुसता फेस झाला आणि गाळल्यावर अर्धा माल गाळणीतच राहिला. एवढी महाग पावडर फेकताना जीव तुटत होता.

जमलं ते असं, 100 ग्रॅम सीरमसाठी. अगदी कोरड्या काचेच्या भांड्यात 5 ग्रॅम ग्लिसरीन आणि 1 ग्रॅम फेनॉक्सीइथेनॉल–इथाइलहेक्झाइलग्लिसरीनचं तयार प्रिझर्व्हेटिव्ह एकत्र करा. त्यावर 1 ग्रॅम पावडर भुरभुरवा आणि कोरडा कण दिसेनासा होईपर्यंत कालवा. ग्लिसरीनमध्ये ती विरघळत नाही, कण फक्त सुटे होतात. सगळी मेख इथेच आहे. मग 93 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर एकदम ओता, लगेच ढवळा, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. थोडे बुडबुडे, धूसरपणा राहिला तरी पुन्हा घोटू नका, आपोआप जातो. सकाळी एकजीव, स्वच्छ जेल मिळतं.

प्रिझर्व्हेटिव्ह मात्र वगळू नका. पाण्याच्या सीरममध्ये जंतू वाढतात आणि ते डोळ्यांना दिसतीलच असं नाही. शिवाय मापं चमच्याने नकोत, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या.