क्रू जोखताना या चुका टाळा

विझकिड्स कंपनीचा 'पायरेट्स ऑफ द स्पॅनिश मेन' हा चिमुकल्या जहाजांचा ताफा उभारून बेटांवरचं सोनं आणायचा, समुद्री चाच्यांचा खेळ २००४ मध्ये आला आणि त्यानंतर संचामागून संच निघत गेले. क्रूचे, म्हणजे जहाजावर बसवायच्या खलाशांचे, इतके प्रकार झाले की पाकीट फोडल्यावर कोणता ठेवायचा आणि कोणता बाजूला सारायचा, हा प्रश्न नवख्यांना पडतोच. प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायची पद्धत मात्र बहुतेकांची एकच असते. क्रूच्या मागचा मजकूर वाचायचा, डोळे मोठे करायचे आणि 'भारी आहे' म्हणून मोकळं व्हायचं. त्याला कोणत्या जहाजावर बसवणार, असं विचारलं की समोर शांतता.

पॉइंट मोजता, कार्गो मोजत नाही

ही चूक इतक्या वेळा बघितली आहे की आता समोरच्याची मांडणी बघूनच ओळखू येते. प्रत्येक क्रू कार्गोतली, म्हणजे जहाजावर माल ठेवायच्या जागांतली, एक जागा खातो आणि प्रत्येक नाणंही एक जागा खातं. २ पॉइंटचा सुकाणूवाला घेतला म्हणजे ताफा उभारायच्या पॉइंटांतले २ गेलेच, शिवाय प्रत्येक फेरीला एक नाणंही गेलं. हा दुसरा खर्च कुठेच छापलेला नसतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

सुकाणूवाला तरीही बहुधा परवडतो, कारण जहाजाच्या चालीत तो एक आखूड माप (पत्त्याच्या आखूड कडेएवढं अंतर) वाढवतो आणि हा फायदा प्रत्येक पाळीला मिळतो. खरा घोळ होतो तो १ पॉइंटच्या एक्सप्लोररवर. स्वस्त आहे म्हणून लोक डोळे झाकून तो प्रत्येक जहाजावर टाकतात. जरा हिशोब करू. बेटावर जायला २ पाळ्या, शोध घ्यायला १, परतायला २. एक्सप्लोरर असला की शोधाची पाळी वाचते, म्हणजे ५ च्या ४ होतात. कार्गो ४ असलेल्या जहाजावर नुसता सुकाणूवाला असेल तर ५ पाळ्यांत ३ नाणी येतात. त्यात एक्सप्लोरर घातला तर ४ पाळ्यांत २. म्हणजे पॉइंट खर्चून तुम्ही धंदा मंद केलात.

हेच जहाज ६ कार्गोचं असेल तर निकाल उलटा लागतो. दोन खेळाडूंच्या नेहमीच्या मांडणीत एका रानटी बेटावर (जे कुणाचंच घरचं बेट नाही अशा) ४ नाणी असतात. सगळं बेट उचललं तरी २ जागा रिकाम्याच राहणार. त्यात सुकाणूवाला आणि एक्सप्लोरर दोघेही बसवा, एकही नाणं सोडावं लागत नाही. क्रू तोच आहे, पॉइंटही तेच आहेत. तेव्हा 'एक्सप्लोरर चांगला का?' असं मला विचारू नका, जहाज कोणतं ते आधी सांगा.

५ किंवा ६ पडला तर

फाशावर ५ किंवा ६ पडल्यास जे जहाजाला तीच अॅक्शन दुसऱ्यांदा करू देतात, अशा नामवंत कप्तानांवर नवख्यांचा भारी जीव. वाचताना त्यांना फक्त 'दुसऱ्यांदा' एवढंच दिसतं. 'पडल्यास' हा शब्द लॉटरीच्या तिकिटामागच्या बारीक अक्षरांसारखा नजरेतून निसटतो.

एका डावात समोर बसलेल्या पोराने ४० पॉइंटपैकी जवळपास ३० एकाच जहाजावर ओतले होते. पाच मास्ट (डोलकाठ्या), असला एक कप्तान, तोफची, सुकाणूवाला आणि वर आणखी एक. उरलेल्या पॉइंटांत एक चिमुकली होडी. मांडताना चेहरा असा, की डाव जिंकूनच बसलाय. मी स्वस्तातली चार जहाजं आणली होती, प्रत्येकावर एखादा क्रू, आणि चौघांची तोंडं चार बेटांकडे. त्याने माझं एक जहाज बुडवलं आणि दुसऱ्याच्या मागे लागला. आता दुहेरी चाल मिळाली असती तर तेही गेलं असतं. सलग तीन पाळ्या फासा पडला नाही, आणि तो फाशाला शिव्या घालत बसला. फाशाचा काय दोष? एका पाळीला शक्यता तीनात एक. तीन पाळ्यांत एकदाही न पडण्याची शक्यता २७ मध्ये ८, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. तेवढ्यात माझी उरलेली दोन जहाजं सोनं उतरवून पुन्हा निघाली होती. त्याच्या त्या अजस्र जहाजात नाण्यासाठी जागा उरली होती एक.

असा क्रू वाईट नाही. फक्त त्याची किंमत ठरवताना मी फायद्याचा तिसरा हिस्सा धरतो, आणि फासा कधीच पडला नाही तरी हे जहाज आपलं काम करेल का, हे आधी बघतो. 'नाही' असं उत्तर आलं की तो परत डब्यात.

तोफची की नेमबाज

एक फासा पुन्हा टाकू देणारा तोफची आणि तोफेच्या प्रत्येक फाशात १ मिळवणारा नेमबाज क्रू, यांत लोक उगाच वाद घालतात. मास्ट मोजा. एका मास्टच्या, २ आकड्याच्या (फासा २ च्या वर पडला की लागणाऱ्या) तोफेला फासा पुन्हा टाकणं जास्त फळतं. चार तोफा एकदम डागायच्या असतील तर प्रत्येकीला १ मिळणं सरस. आणि तोफा मास्टवरच असतात, त्यामुळे मास्ट उडू लागले की दोघांचीही किंमत उतरत जाते. ज्या जहाजाचे मास्ट पहिल्याच तडाख्यात जाणार, त्यावर असला क्रू कशाला?

बाकीच्या, पटकन

क्रू आणि जहाज एकाच राष्ट्राचे आहेत का ते बघा. राष्ट्र जुळलं नाही तर क्षमता चालत नाही, नुसती जागा अडते.

जहाजावरच्या क्रूचे एकूण पॉइंट जहाजाच्या पॉइंटांपेक्षा जास्त चालत नाहीत. मांडून झाल्यावर हे आठवणारे महाभाग दर वेळी भेटतात.

महागडा क्रू एका मास्टच्या होडीवर बसवू नका. चढाईत (एक जहाज दुसऱ्याला भिडून त्यावर चढतं तेव्हा) फाशाच्या आकड्यात आपापल्या मास्टची संख्या मिळवतात आणि जिंकणारा तुमचा क्रू मारू शकतो.

कप्तान असला की चालून त्याच अॅक्शनमध्ये तोफा डागता येतात, म्हणून लढाऊ जहाजावर तो हवाच. सोनं वाहणाऱ्या जहाजावर ३ पॉइंटचा कप्तान बसवणाऱ्याला मी कारण विचारतो. आजवर पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

दुर्मीळ म्हणजे दमदार नव्हे

टॉप्सने २००८ च्या नोव्हेंबरात विझकिड्स बंद केली. त्या काळातल्या दुर्मीळ क्रूची किंमत तो किती सापडतो यावर ठरते, खेळात किती चालतो यावर नाही. संग्रहासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या. खेळण्यासाठी घेणार असाल तर माझी सवय सांगतो: ते जहाज आधी क्रूशिवाय दोन-तीन डाव खेळवतो. कुठे अडतंय ते कळतं. चाल कमी पडते, तोफा चुकतात, की नाणी वाहायला जागा पुरत नाही. मग कागदाच्या चिठोऱ्यावर हव्या त्या क्रूचं नाव आणि पॉइंट लिहून तो जहाजावर ठेवतो. अर्ध्याहून जास्त वेळा अडचण मिटवतो तो २ पॉइंटचा बिननावाचा सुकाणूवाला, आणि तो माझ्या डब्यात आधीच पडलेला असतो. घाईच्या मंडळींना हे कंटाळवाणं वाटतं. ते आधी विकत घेतात आणि मग मला विचारतात, हा कुठल्या जहाजावर लावू?