जपानला इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी शाळेतून पत्र आणा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, जपानला इंग्रजी शिकवायला जायचंय, तयारी काय करू, आणि लगेच पुढचा प्रश्न, थंडीचं जाकीट इथून घेऊ की तिकडे. अहो जाकिटाचं बघू नंतर, आधी सांगा शाळा कुठल्या मिडियमची?

मी ओकायामा प्रीफेक्चरमधल्या, म्हणजे तिकडच्या एका प्रांतातल्या, छोट्या गावात दोन वर्षं एएलटी होते, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर, वर्गात जपानी इंग्रजी टीचर पण असतात आणि आपण त्यांच्या जोडीने शिकवायचं. जाण्याआधीचे आठ महिने मी जे धावले त्यातलं निम्मं धावणं कागदांसाठी होतं आणि तेही जपानच्या नाही, आपल्याच शाळा-कॉलेजच्या ऑफिसांमधे. म्हणून तिथूनच सुरू करते.

जपानच्या शाळांमधे शिकवायला इन्स्ट्रक्टर नावाचा व्हिसा लागतो आणि त्यात भाषा शिकवणाऱ्यासाठी अट अशी की तुमचं किमान १२ वर्षं शिक्षण त्याच भाषेतून झालेलं पाहिजे. अमेरिकेच्या नाहीतर इंग्लंडच्या पोरांचं हे आपोआप बसतं, आपल्याला मात्र वर्षं मोजून दाखवायला लागतात. कॉलेजची वर्षंपण धरता येतात, म्हणजे अकरावी-बारावीची २, पदवीची ३, एमए केलं असेल तर अजून २, झाली ७, वरची ५ शाळेतली दाखवायची. पहिलीपासून इंग्लिश मिडियम असेल तर प्रश्नच नाही. दहावीपर्यंत मराठी मिडियम असेल तर सरळ सांगते, इंग्रजी कितीही फाडफाड बोलत असाल तरी हा हिशोब जमवणं अवघड आहे. सेमी-इंग्लिशवाल्यांनी पण खूश होऊ नका, गणित आणि सायन्स इंग्रजीतून शिकलो म्हणजे मिडियम इंग्रजी असं तिकडे कुणी धरत नाही.

आता हे सिद्ध करायचं कसं, तर शाळेचं लेटरहेडवरचं पत्र. एलसी वर मिडियम लिहिलेलं असेलच असं नाही. मी शाळेत गेले तेव्हा तिथल्या क्लार्कनी खूप शोधाशोध करून रजिस्टर काढलं आणि दुसऱ्या दिवशी जे पत्र हातात दिलं त्यात फक्त एवढंच, की विद्यार्थिनी आमच्या शाळेत होती आणि तिची वर्तणूक चांगली होती. वर्तणुकीचं काय करू मी? मग पत्राचा मजकूर मी स्वतः टाइप करून नेला तेव्हा कुठे काम झालं. तुम्ही पण तसंच करा. कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कितवी ते कितवी, सर्व विषय इंग्रजी माध्यमातून शिकवले हे स्वच्छ वाक्य, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, शाळेचा फोन. सगळं इंग्रजीत. दोन शाळा झाल्या असतील तर दोन पत्रं, आणि ज्युनिअर कॉलेज-सीनियर कॉलेजचं वेगळं. मे महिन्यात जाऊ नका, सही करणारं माणूस गावी गेलेलं असतं.

दुसरी डोकेदुखी नावाची. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, बाकीचं दुसऱ्या ओळीत, त्यात कुणी वडिलांचं नाव घातलेलं असतं कुणी नसतं. त्यात लग्न झालेलं असेल तर पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्याला हे रोजचं आहे हो, पण ओकायामातल्या एचआरवाल्या बाईला ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि त्यात तिची काहीच चूक नाही. मी अ‍ॅफिडेव्हिट करून घेतलं की या सगळ्या नावांची व्यक्ती मीच, आणि अर्ज करतानाच ते जोडून दिलं, नंतर विचारणा यायची वाट बघितली नाही. आणि हो, तिकडे सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव चालतं, बँकेत, फोनला, रेसिडेन्स कार्डावर, त्यामुळे पासपोर्टमधे काही बदल करायचा असेल तर तो आत्ता करा.

पदवीचं सर्टिफिकेटपण बघून ठेवा कपाटात आहे का. खूप जणांकडे फक्त शेवटच्या वर्षाची मार्कशीट असते आणि पदवीचा अर्ज करायचाच राहून गेलेला असतो. व्हिसाला पदवी लागते म्हणजे लागते. टीईएफएल, म्हणजे इंग्रजी शिकवायचा कोर्स, लागत नाही, १२० तासांचा ऑनलाइन केलात तर बायोडेटाला बरा दिसतो इतकंच.

आता नोकरी कुठे शोधायची. सगळ्यांना जेट प्रोग्रॅम माहीत असतो, जपान सरकारचा, १९८७ पासून चालू आहे, पगार चांगला, जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं. पण भारतातून फार थोडी माणसं घेतात, तेव्हा जपानी दूतावासाच्या साइटवर त्या वर्षी आपल्यासाठी कुठल्या जागा आहेत ते बघा, जरूर भरा, पण त्याच्यावरच बसून राहू नका. दुसरा रस्ता डिस्पॅच कंपन्यांचा, त्या तुम्हाला नोकरीवर ठेवतात आणि नगरपालिकेच्या शाळांमधे पाठवतात. मी अशीच गेले. तिकडे शाळा एप्रिलमधे सुरू होते, म्हणून आदल्या ऑक्टोबरपासूनच जाहिराती बघायला लागा. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा पुस्तक आणि मार्कांसकट रीतसर विषय झालाय, त्यामुळे प्राथमिक शाळांमधे एएलटी लागतातच. तिसरा रस्ता एइकाइवा, म्हणजे इंग्रजी बोलायचे खासगी क्लास, तिथे भरती वर्षभर, व्हिसाचा प्रकार वेगळा, काम दुपारी सुरू होऊन रात्री ९ पर्यंत.

जाहिरातीत नेटिव्ह स्पीकर हवा असं लिहिलेलं खूपदा दिसेल. वाईट वाटतं, पण तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका, पुढच्या जाहिरातीकडे जा. आणि बीएड असेल तर तोक्यो आणि योकोहामातल्या भारतीय शाळा जरूर बघा, तिथे आपला सिलॅबस असतो आणि आपल्या अनुभवाला किंमत असते. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मधे तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या कौन्सिलवर निवडून आले आणि पुढे तोक्योजवळच्या इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे प्रिन्सिपल झाले, म्हणजे शाळेचं दार आपल्यासाठी बंद आहे असं काही नाही.

काँट्रॅक्ट वाचताना एक गोष्ट बोट ठेवून वाचा, ऑगस्टचा पगार. डिस्पॅचमधे महिन्याला सव्वादोन ते अडीच लाख येन साधारण मिळतात, पण सुट्टीच्या महिन्यात तो बऱ्याच ठिकाणी कापतात. माझ्या कंपनीने काँट्रॅक्टमधे लिहिलं होतं, मीच भराभर सही करून मोकळी झाले, आणि ऑगस्टमधे खात्यात आकडा बघितला तेव्हा डोळे उघडले.

नोकरी पक्की झाली की सीओई, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. हा कागद तुमच्यासाठी कंपनी किंवा शाळा जपानच्या इमिग्रेशनमधे काढते, १ ते ३ महिने लागतात, हल्ली ईमेलवरही येतो. या अर्जाला तिकडे सरकारी फी नाही, त्यामुळे इथला कुणी एजंट सीओईच्या सरकारी फीच्या नावाखाली लाखभर मागत असेल तर पायात चपला घाला आणि बाहेर पडा. सीओई निघाल्यापासून ३ महिन्यांत जपानमधे पोचायचं असतं. तो हातात आल्यावर व्हिसा म्हणजे किरकोळ काम, महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईच्या कॉन्सुलेटकडे जातात, ते व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या सेंटरमधे द्यायचे.

पैशाचं नीट ऐका, इथे लोक फसतात. एप्रिलचा पगार बहुतेक ठिकाणी मे च्या शेवटी येतो. तोपर्यंत घर लावायचं असतं, आणि जपानमधे घर म्हणजे डिपॉझिट, घरमालकाला आभार म्हणून द्यायची रेइकिन नावाची रक्कम जी परत येत नाही, एजंटचे पैसे, गॅरंटर कंपनीचे पैसे, पहिलं भाडं, असं मिळून ४-५ महिन्यांच्या भाड्याएवढं एकदम जातं. कंपनी घर देणार असेल तर ते घ्या, नखरे नंतर. मी ३ लाख येन नेले होते आणि मे मधे रोज टोफू खाल्ला. येन साधारण ५५-६० पैशांच्या आसपास धरून हिशोब करा आणि शक्य असेल तर ४ लाख न्या. अजून एक, रेसिडेन्स टॅक्स आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी पगार भरघोस वाटतो आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून कापायला लागतात. तेवढं धरून चाला. निघण्याआधी इथल्या बँकेत जाऊन सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्या.

भाषा. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा सक्तीची नाही पण हिरागाना-काताकाना या दोन लिप्या येत नसताना विमानात बसू नका. आपल्याला हे खरंच सोपं जातं. त्यांची मुळाक्षरं अ इ उ ए ओ अशी सुरू होतात आणि पुढे क स त न ह म य र व, आपल्याच वर्णमालेचा क्रम, बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतातून तिकडे गेलेला. वाक्यपण आपल्यासारखं, क्रियापद शेवटी, आणि 'शाळेला' मधला 'ला' जसा मागे चिकटतो तसा त्यांचा 'नि' मागे चिकटतो. इंग्रजीतून जपानी शिकू नका, मराठीतून विचार करा, निम्मा त्रास वाचेल. पुण्यात जपानीचे क्लास गल्लोगल्ली आहेत, जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमधे असते, एन५ ही सगळ्यात सोपी पातळी दिलीत तर अभ्यास तरी होईल.

सामानाचं. मिक्सर नेऊ नका! मी नेला. तिकडे वीज १०० व्होल्ट, आपला मिक्सर २३० चा, ओल्या खोबऱ्याचं वाटण करायला लावला तर भांड्यातलं पातं असं फिरत होतं की जणू त्याला कुणी झोपेतून उठवलंय, शेवटी खोबरं हाताने ठेचलं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर पण घरात गॅस असेल तरच, इंडक्शनची शेगडी असेल तर ती त्याला ओळखतच नाही, त्यामुळे स्टीलचा इंडक्शन बेसवाला न्या. गोडा मसाला, काळा मसाला, हिंग सीलबंद पाकिटात न्या. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं आणि मटण-चिकनचं काहीही नको, एअरपोर्टवर काढून घेतात. डाळी-तांदळाचं ओझं पण नको, धान्यालाही तपासणीचे नियम आहेत आणि तोक्योच्या निशी-कासाई, शिन-ओकुबो भागातल्या दुकानांतून ऑनलाइन सगळं मिळतं.

औषधांच्या बाबतीत मात्र गंमत नाही. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिकडे चालत नाहीत, कोडीनवालं खोकल्याचं औषध पण घरीच ठेवा. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरती चालतात, थायरॉइड-बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या न्यायच्या असतील तर आधी ऑनलाइन अर्ज करून परवानगीचं पत्र घ्यावं लागतं, युन्यू काकुनिनशो म्हणतात त्याला.

शाळेत आत घालायचे बूट वेगळे लागतात, आणि पाय ९ नंबरच्या पुढचा असेल तर इथूनच घ्या, छोट्या गावात साइज मिळत नाही. एक काळा किंवा नेव्ही सूट पुरतो. स्टाफरूममधे वाटायला सुटी पॅक केलेली चिक्की नेली होती मी, पाकिटावर 'शेंगदाणे' असं जपानीत लिहून, कारण अ‍ॅलर्जीबद्दल फार काटेकोर असतात. मुलांना मात्र काही खायला देऊ नका.

शाकाहारी असाल तर मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगा की डबा आणणार. शाळेचं जेवण सगळ्यांना एकच असतं आणि नुसत्या भाजीच्या सूपमधे पण दाशी म्हणजे माशाचं सार असतं. 'मांस खात नाही' म्हटलं की मासा आणून ठेवतात, तेव्हा मासे, मांस, दाशी असं एकेक नाव घेऊन सांगायचं.

उतरल्यावर मोठ्या एअरपोर्टवरच रेसिडेन्स कार्ड मिळतं, राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन त्यावर पत्ता घालायचा, मग हेल्थ इन्शुरन्स, मग बँक, मग सिम. क्रम बदलला की चकरा वाढतात.

आणि पहिला तास. त्याला जिकोशोकाइ म्हणतात, स्वतःची ओळख, आणि हाच तास तुम्हाला प्रत्येक वर्गात, प्रत्येक शाळेत करायचाय, म्हणजे वीसेक वेळा तरी. पॉवरपॉइंटवर विसंबू नका, मोठे प्रिंट काढून न्या. घराचा, आईचा, रिक्षाचा, गणपतीचा फोटो. गणपती त्यांच्याकडेपण आहे, कांगितेन, आसाकुसाच्या एका देवळात त्याला मोदकाऐवजी मुळा वाहतात, हे सांगितलं की टीचर लोक जास्त चकित होतात. १, २, ५, १० रुपयांची नाणी मूठभर न्या, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ती बघायला उठून पुढे येतात. बाकी रोज करी खाता का हे विचारणारच. आणि त्यांचे पाढे ९ पर्यंतच असतात, भारतातली मुलं १९ पर्यंत पाठ करतात हे त्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे कुणीतरी हात वर करून म्हणून दाखवा म्हणतंच. विमानात एकदा १९ चा म्हणून घ्या. मी सगळ्या वर्गासमोर १९ सत्तेला अडकले. १३३.