एलियाहू, एलीया, अलीशा : नाव लिहिताना या चुका टाळा

नामकरणाची एक पत्रिका छपाईआधी माझ्याकडे तपासायला आली होती. बाळाचं नाव ‘एलिजा’, आणि खाली कंसात अर्थ, ‘देवाची शक्ती’. इतकं सुंदर नाव, आणि अर्थ भलताच. मला अगदी राहवलं नाही, मी लगेच फोन केला.

हे बायबलमधल्या एका संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्याचं नाव; हिब्रूत ते एलियाहू. ‘एल’ म्हणजे देव, ‘एली’ म्हणजे माझा देव, आणि ‘याहू’ हे परमेश्वराच्या पवित्र नावाचं आखूड रूप. म्हणजे ‘परमेश्वर हाच माझा देव’. हे विशेषण नाही, पुरतं वाक्य आहे. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला १८वा अध्याय वाचा. अहाब राजाचा काळ, कर्मेल डोंगर, एका बाजूला बआल या दुसऱ्या देवाचे ४५० संदेष्टे आणि दुसऱ्या बाजूला एलियाहू एकटा. वरून अग्नी उतरतो तेव्हा लोक पालथे पडून म्हणतात, ‘परमेश्वर हाच देव!’ त्याच्या नावातलं वाक्यच लोकांच्या तोंडी येतं. शक्तीचा अर्थ लावला की कथेतली ही जागा हातातून निसटते.

‘एलिजा’तला ‘ज’ इंग्रजीतून आला. हिब्रूत तिथे ‘य’ आहे. याकोबचा जेकब झाला तसंच. मराठी बायबलमध्ये ‘एलीया’ आहे, कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरांत ‘एलियाहू’ म्हणतात. दोन्ही बरोबर, फक्त एका मजकुरात एकच ठेवा. ग्रीकमधला एलियास, अरबीतला इलियास, रशियनमधला इल्या ही सगळी याच नावाची रूपं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अलीशाशी. तो एलीयाचा शिष्य. गुरू अग्निरथासह वादळातून वर गेला आणि त्याचा खाली पडलेला झगा याने उचलला. हिब्रूत दोन्ही नावांची पहिली तीन अक्षरं तीच : आलेफ, लामेद, योद. पुढे एलियाहूत ‘हे’ आणि ‘वाव’ ही अक्षरं, अलीशात ‘शिन’ आणि ‘आयिन’. तेवढ्याने अर्थ बदलतो : अलीशा म्हणजे ‘देव तारण आहे’. हे पुरुषाचं नाव आहे, मुलींच्या ‘अलिशा’शी त्याचा संबंध जोडू नका. बायबलमधल्या इयोबाच्या पुस्तकातला अलीहू तर आणखी फसवा. हिब्रूत एलियाहूच्या शेवटी एक आलेफ वाढवला की ते नाव होतं, ‘तोच माझा देव’. ऐकून लिहिलंत तर चूक ठरलेली, म्हणून बायबल उघडून बघा.

बायबलमध्ये एलीया एकच, असंही समजू नका. बन्यामीन वंशातल्या यरोहामाचा एक मुलगा आहे, आणि एज्राच्या १०व्या अध्यायात आणखी दोघे आहेत, त्यांतला एक याजक. पुढच्या काळातले नामांकित ज्यू धर्मपंडित, व्हिल्नाचे गाओन (१७२०–१७९७) हेही एलियाहूच.

आता आपल्याकडचं. ‘एलियाहू हन्नाबी’ हे नाव-आडनाव म्हणून छापलेलं मी पाहिलं आहे. ‘ह’ हे इंग्रजी ‘the’सारखं निश्चितदर्शक, ‘नाबी’ म्हणजे संदेष्टा. बेने इस्राएल घरांत मंगल प्रसंगी मलिद्याचं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं. तेव्हा ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून हाक घालतात ती त्या संदेष्ट्यालाच. अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात तो शब्द बसवू नका.

आणि खंडाळा! या समाजाच्या श्रद्धेनुसार एलियाहू जिथून स्वर्गात गेले, तिथल्या खडकावर रथाच्या खुणा आहेत. ती जागा अलिबागजवळच्या खंडाळ्याची. लेखात नुसतं ‘खंडाळा’ लिहिलंत तर वाचक बोरघाटात जाऊन शोधत बसतील. ‘अलिबागजवळ’ हा शब्द कापू नका.

पत्रिका मात्र वेळेत सुधारली. ‘एलियाहू’, आणि खाली ‘परमेश्वर हाच माझा देव’. बाळाच्या आजीने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचायला लावली.