डेलावेअरच्या दोन सिनेट खुर्च्या : अभ्यास कुठून सुरू करायचा

अमेरिकन पॉलिटिक्समध्ये मास्टर्सला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचं एक ठरलेलं असतं, सेमिनार पेपरचा विषय निवडा म्हटलं की न्यूयॉर्क, टेक्सास, कॅलिफोर्निया, नाहीतर थेट प्रेसिडेंटच. मी शिकायला डेलावेअरमध्येच होते, न्यूअर्कला, त्यामुळे इथलाच विषय घेतला, डेलावेअरचे सिनेटर. आता दरवर्षी कोणी ना कोणी ज्युनिअर मेसेज टाकतो की ताई, एवढ्याशा राज्यात अभ्यास करण्यासारखं आहे तरी काय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

तीन काउंट्यांचं राज्य आहे, न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९,८९,९४८, म्हणजे दहा लाख पण नाही. तिकडे कॅलिफोर्निया चार कोटींच्या घरात. हाउसमध्ये (म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, त्यांची लोकसभा म्हणा) डेलावेअरचा एकच मेंबर, पण सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाचे दोन तसे डेलावेअरचेही दोन. आपण डोक्यात राज्यसभा घेऊन येतो, जिथे उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ असा लोकसंख्येप्रमाणे हिशोब असतो, त्यामुळे हे पचायला थोडा वेळ लागतो. राज्यसभेचा एक फायदा मात्र होतो, आमदार मिळून खासदार निवडतात म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजवावं लागत नाही, आणि १९१३ पर्यंत अमेरिकेत सिनेटर असेच निवडले जायचे. घोडेबाजार, फोडाफोडी, शेवटच्या रात्री गायब होणारे मेंबर, हे सगळं बघत मोठे झालेल्या माणसाला डेलावेअरचा इतिहास वर्गातल्या अमेरिकन पोरांपेक्षा लवकर कळतो, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

आधी १७८७ वाचा, पण त्यात अडकून पडू नका. घटना लिहायला भरलेल्या फिलाडेल्फियाच्या कन्व्हेन्शनला माणसं पाठवतानाच डेलावेअरने लिहून दिलं होतं की प्रत्येक राज्याला एक मत हा नियम बदलायला तुम्ही संमती द्यायची नाही, आणि ही अट घालून घेण्यामागे जॉर्ज रीड होता, जो स्वतःच त्या डेलिगेशनमध्ये होता. म्हणजे मोठी राज्यं दाबायला लागली की हात वर करून सांगायचं, आम्हाला परवानगीच नाही हो! ३० जूनला डेलावेअरचाच गनिंग बेडफर्ड भडकला आणि बोलून गेला की मोठ्या राज्यांनी फारच केलं तर छोटी राज्यं एखाद्या परकीय सत्तेचा हात धरतील. १६ जुलैला तडजोड झाली, हाउस लोकसंख्येवर आणि सिनेट समान. मग ७ डिसेंबरला डेलावेअरने ३० विरुद्ध ० मतांनी सगळ्यात आधी घटना मंजूर केली, गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘द फर्स्ट स्टेट’ असतं ते त्यामुळे. घटनेच्या पाचव्या कलमात तर असंही आहे की राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय त्याचं सिनेटमधलं समान मत काढून घेता येणार नाही. म्हणजे दोन जागा पक्क्या.

सगळे पेपर इथेच संपतात आणि खरी गंमत इथून पुढे सुरू होते. जागा पक्क्या, पण त्यांच्यावर बसायचं कोणी हे ठरवणारी माणसं किती? १८९५ मध्ये डेलावेअरच्या असेंब्लीत वरच्या सभागृहात ९ आणि खालच्या सभागृहात २१, एकूण ३० मेंबर होते. तीस माणसं सिनेटर ठरवणार. एवढ्या छोट्या गटात दोन-चार घराणी आणि एखादा पैसेवाला काय करू शकतो ते बघायचं असेल तर डेलावेअरसारखी दुसरी जागा नाही.

तर पद्धत. विकिपीडियावर सिनेटरांची यादी असते ती वरून खाली माणसामागून माणूस वाचू नका, काहीच हाती लागत नाही. खुर्चीप्रमाणे वाचा. सिनेटच्या जागा तीन क्लासमध्ये विभागलेल्या आहेत, दर दोन वर्षांनी एका क्लासची मुदत संपते, आणि डेलावेअरकडे क्लास वन आणि क्लास टू आहेत (म्हणूनच २०१६ आणि २०२२ मध्ये तिथे सिनेटची निवडणूकच नव्हती). क्लास वनची खुर्ची जॉर्ज रीडपासून सुरू होते, क्लास टूची रिचर्ड बॅसेटपासून. दोन कॉलम करा, नाव, पक्ष, तारखा, आणि जिथे तारखा जुळत नाहीत तिथे लाल रंग द्या. ते लाल पट्टे म्हणजे रिकाम्या खुर्च्या, अभ्यास तिथून सुरू करायचा. सिनेटर कोण होता हे कुठेही मिळतं, पण कोणीच का नव्हतं हे शोधायला लागलं की आख्खं राज्य उलगडतं.

पहिला पट्टा अगदी सुरुवातीलाच सापडतो. १७९३ मध्ये रीड राज्याचा चीफ जस्टिस व्हायला राजीनामा देऊन गेला, असेंब्लीने बदली माणूस निवडला नाही, मग १७९४ मध्ये गव्हर्नरने केन्सी जॉन्स नावाच्या माणसाला नेमून पाठवलं. सिनेटने त्याला घेतलंच नाही. कारण काय, तर मधे असेंब्लीचं अधिवेशन होऊन गेलंय, आता नेमायचा अधिकार गव्हर्नरकडे राहिलेला नाही. १७९५ पर्यंत खुर्ची रिकामी. १८३९ चा पट्टा तर मजेशीरच आहे, रिचर्ड बेयर्डने राजीनामा दिला, सव्वा वर्ष जागा तशीच पडून राहिली आणि १८४१ मध्ये परत तोच निवडून आला.

बेयर्ड हे नाव आलंच आहे तर घराण्यांचं बघून घेऊ, कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. बेयर्ड घराण्यातले पाच जण सिनेटर झाले. पहिला जेम्स बेयर्ड हा रिचर्ड बॅसेटचा जावई, म्हणजे पहिल्याच सिनेटरच्या घरात सोयरीक. हाच तो, जो १८०१ मध्ये हाउसमधला डेलावेअरचा एकटा मेंबर होता, प्रेसिडेंटच्या निवडणुकीत जेफरसन आणि बर यांची मतं सारखी पडली आणि निकाल हाउसकडे गेला तेव्हा राज्यामागे एक मत असल्याने या एका माणसाच्या हातात आख्ख्या राज्याचं मत होतं, आणि ३६ व्या फेरीला त्याने कोरं मत टाकून गाडं पुढे जाऊ दिलं. त्याची दोन मुलं, रिचर्ड आणि धाकटा जेम्स, दोघेही सिनेटर. धाकट्या जेम्सची खुर्ची १८६९ मध्ये त्याच्या मुलाकडे, थॉमसकडे गेली, तो पुढे प्रेसिडेंट क्लीव्हलंडचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे परराष्ट्रमंत्री झाला. मग त्याचा मुलगा, तोही थॉमस, १९२२ मध्ये. पक्ष बदलत गेले, फेडरलिस्ट, व्हिग, डेमोक्रॅट, आडनाव तेच. नोट्समध्ये नुसतं ‘बेयर्ड’ लिहून ठेवलंत तर दोन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही कोणता बेयर्ड, तेव्हा पहिल्या दिवसापासून वंशावळ काढून भिंतीवर लावा.

तसेच सॉल्सबरी, पण हे जास्त नाटकी. विलार्ड सॉल्सबरी, थोरला, जानेवारी १८६३ मध्ये सिनेटमध्ये प्यायलेल्या अवस्थेत उभा राहून लिंकनला कमकुवत, अक्कलशून्य वगैरे म्हणत सुटला, त्याला बाहेर काढायला सार्जंट-ॲट-आर्म्स (सभागृहात शिस्त राखणारा अधिकारी) आला तर याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. हकालपट्टीचा ठराव आला, याने माफी मागितली, प्रकरण मिटलं. पुढे १८७१ मध्ये त्याच खुर्चीसाठी तीन सख्खे भाऊ उभे, विलार्ड स्वतः, गोव्ह आणि इलाय, आणि जागा मिळाली इलायला. विरोधी पक्ष लांबच राहिला, भांडण घरातच. पण हे नुसतं किस्सा म्हणून सांगू नका. यादवी युद्धात डेलावेअर युनियनमध्ये, म्हणजे लिंकनच्या बाजूला राहिलं खरं, पण ते गुलामगिरी असलेलं राज्य होतं, गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीला त्याने १८६५ मध्ये नकार दिला आणि मंजुरी दिली थेट १९०१ मध्ये. धाकट्या जेम्स बेयर्डने १८६४ मध्ये निष्ठेच्या नव्या शपथेच्या वादावरून राजीनामा दिला तोही याच काळात. घराण्यांच्या गोष्टी वाचताना हे पाठीमागे सतत चालू असतं, ते सुटलं तर पेपर नुसता गप्पांचा होतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, ॲडिक्स. जे. एडवर्ड ॲडिक्स, गॅस कंपन्यांच्या धंद्यात पैसा केलेला, त्यामुळे सगळे त्याला ‘गॅस’ ॲडिक्सच म्हणायचे. मूळचा फिलाडेल्फियाचा. १८८९ च्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं की आपण सिनेटर व्हायचं आणि मग जवळपास सतरा वर्षं तो माणूस त्याच एका गोष्टीमागे लागला, पाण्यासारखा पैसा ओतला, केंट आणि ससेक्समध्ये मेंबर आपल्या बाजूला ओढले, रिपब्लिकन पक्ष उभा फुटला. एकटा निवडून येण्याइतकी मतं त्याच्याकडे कधीच नव्हती, पण दुसऱ्या कोणाला निवडून येऊ न देण्याइतकी होती, आणि त्याचा हट्ट असा की मी नाही तर कोणीच नाही.

१८९५ मध्ये झालं ते जरा सावकाश वाचा. असेंब्लीत मतांवर मतं होत राहिली, निकाल लागेना, दरम्यान एप्रिलमध्ये गव्हर्नर मार्व्हिल वारला आणि राज्याच्या सिनेटचा स्पीकर विल्यम वॉटसन हंगामी गव्हर्नर झाला. मे महिन्यात अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी हा वॉटसन गव्हर्नर असतानाच परत सभागृहात येऊन बसला आणि त्याने मत टाकलं. ॲडिक्सच्या विरोधातला रिपब्लिकन, बारुदाच्या कारखानदार घराण्यातला हेन्री ड्यू पॉन्ट, त्याला पडली १५ मतं. वॉटसनचं मत धरलं तर एकूण ३०, म्हणजे १५ हे बहुमत नाही, धरलं नाही तर एकूण २९ आणि ड्यू पॉन्ट सिनेटर! प्रकरण वॉशिंग्टनला गेलं, १८९६ मध्ये सिनेटने ३१ विरुद्ध ३० अशा एका मताने ड्यू पॉन्टला बाहेर ठेवलं. १८९९ मध्ये परत तोच घोळ, १९०१ मध्ये परत, आणि १९०१ ते १९०३ दोन्ही खुर्च्या रिकाम्या. ज्या राज्याने समान जागा मिळाव्यात म्हणून १७८७ मध्ये एवढा दंगा केला त्याच राज्याचा सिनेटमध्ये एकही माणूस नाही. १९०६ मध्ये हेन्री ड्यू पॉन्ट शेवटी निवडून आला, ॲडिक्स कधीच नाही, १९१९ मध्ये तो कंगाल होऊन मेला.

सतराव्या दुरुस्तीने १९१३ पासून थेट लोकांकडून निवडणूक आली, त्यामागच्या वादात डेलावेअरचं उदाहरण कायम पुढे असायचं, आणि तरी डेलावेअरच्या असेंब्लीने ती दुरुस्ती फेटाळली. औपचारिक मंजुरी दिली २०१० मध्ये. मला विचाराल तर आख्ख्या विषयातला सगळ्यात बोलका तपशील हाच आहे. आणि लोकांच्या मताने लगेच सगळं स्वच्छ झालं असंही नाही, १९२१ मध्ये सिनेटर वॉल्कॉटला राज्यात चॅन्सेलर (तिथल्या एका वरच्या कोर्टाचा न्यायाधीश) नेमून खुर्ची मोकळी करून घेतली आणि गव्हर्नरने तिथे कोलमन ड्यू पॉन्टला बसवलं, तेव्हा लोक याला ‘डर्टी डील’ म्हणायचे. पण पुढच्याच वर्षी मतदारांनी त्याला पाडलं (आणि आणलं कोणाला, तर बेयर्डला!).

तिथून १९४५ पर्यंतचा भाग मला स्वतःला कंटाळवाणा वाटतो, भरभर जा. जॉन विल्यम्सवर थांबा, ससेक्समधल्या मिल्सबरोचा कोंबडीखाद्याचा व्यापारी, १९४७ मध्ये सिनेटमध्ये गेला आणि टॅक्स खात्यातला भ्रष्टाचार खणून काढायच्या मागे लागला. त्याच्या जागी आला विल्यम रॉथ. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या कुठल्याही मित्राला विचारा, त्याचं रॉथ आयआरए अकाउंट (रिटायरमेंटसाठीच्या बचतीचं खातं) असेल, ते नाव या डेलावेअरच्या सिनेटरचं आहे हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. बायडेनबद्दल सगळ्यांनाच माहिती असते, पण १९७२ चे आकडे बघाच, वय २९, समोर केलेब बॉग्ज, जो दोनदा गव्हर्नर होऊन गेलेला, आणि फरक फक्त ३,१६२ मतांचा. छोट्या राज्यात एवढ्या मतांवर छत्तीस वर्षांची कारकीर्द उभी राहू शकते. डिसेंबरात अपघातात बायको आणि मुलगी गेली आणि जानेवारी १९७३ मध्ये विल्मिंग्टनच्या हॉस्पिटलमध्ये मुलांच्या सोबत असतानाच त्याचा शपथविधी झाला. क्लास वनच्या खुर्चीवर २०२५ मध्ये लिसा ब्लंट रॉचेस्टर आल्या, डेलावेअरमधून सिनेटमध्ये गेलेल्या पहिल्या महिला आणि पहिल्या ब्लॅक सिनेटर.

साधनांचं थोडक्यात. काँग्रेसची ऑनलाइन बायोग्राफिकल डिरेक्टरी तारखांसाठी. भाषणांसाठी काँग्रेशनल रेकॉर्ड, पण तो १८७३ पासून आहे, त्याआधी काँग्रेशनल ग्लोब बघायचा. ॲडिक्सच्या काळासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने फुकट टाकलेली जुनी वर्तमानपत्रं, ‘मिडलटाउन ट्रान्सक्रिप्ट’, विल्मिंग्टनचं ‘इव्हनिंग जर्नल’, तीच बातमी दोन्हीकडे वाचा म्हणजे कोण कुठल्या गटाचं ते दिसतं. राज्याचे कागद डोव्हरला डेलावेअर पब्लिक आर्काइव्हजमध्ये, ड्यू पॉन्टचे हॅगली म्युझियम-लायब्ररीत, ब्रँडीवाइनच्या काठावर, जुन्या बारुदाच्या कारखान्याच्या आवारात. जायच्या आधी ईमेल करून काय हवंय ते कळवा, आणि पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत.

आणि निवडणुकीच्या वर्षात तिकडे असाल तर ससेक्समधल्या जॉर्जटाउनचा रिटर्न डे चुकवू नका. मतदानानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, जिंकलेले आणि हरलेले एकाच घोडागाडीत बसून मिरवतात, कोर्टहाउससमोर निकाल ओरडून वाचतात, पक्षांचे लोक मिळून एक कुऱ्हाड वाळूत पुरतात (भांडण संपलं याची खूण) आणि भाजलेल्या बैलाचं सँडविच वाटतात (न खाणाऱ्यांनी डबा न्यावा). गाडी नसेल तर कोणालातरी पकडा, राज्याच्या उत्तर भागातून जाणाऱ्या कनालच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, बसने फिरणं अवघड आहे. पुढची क्लास टूची निवडणूक २०२६ ला आहे, आणि ज्याला अजून विषय सुचला नाहीये त्याने १८३९ ची रिकामी खुर्ची घ्यावी, ॲडिक्सवर आधीच बऱ्याच जणांनी हात मारलाय.