पपेट स्पॅनिशमध्ये न्यायचंय? मग इंग्रजी बाजूला ठेवा

कोल्हापुरात स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी लिहितोय. पपेट शब्द आला की बरेचजण डिक्शनरीत पहिला दिसेल तो शब्द उचलतात आणि घोळ तिथंच होतो.

आधी खेळणं कुठलं ते बघा. दोऱ्यांवर नाचणारी, म्हणजे पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्यांसारखी असेल तर मारिओनेता, हात आत घालून हलवायची असेल तर तीतेरे दे ग्वांते, आणि नुसतं तीतेरे म्हटलं तर दोन्हीला चालतंय. जोर पहिल्या ती वर द्यायचा.

आता दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर तीतेरे घ्या, सरकार असेल तर गोबिएर्नो तीतेरे. जपाननं १९३२ मध्ये चीनच्या मांचुरियात उभं केलेलं मांचुकुओ हे नावापुरतं राज्य स्पॅनिशमध्ये एस्तादो तीतेरे असतंय, एस्तादो म्हणजे राज्य.

लिंग मात्र नीट बघा. समजा सरपंचबाई नावाला आणि कारभार सगळा नवऱ्याच्या हातात, तर ला अल्काल्देसा एस उन तीतेरे. बाई असली तरी उनच, उना नाही, कारण तीतेरे पुल्लिंगी आहे. मारिओनेता स्त्रीलिंगी, त्यामुळं पुरुषालाही उना मारिओनेताच म्हणायचं. आपण नाही का, बाप्या माणसालाही कळसूत्री बाहुली म्हणतो, तसंच.

आणि मला सगळ्यात आवडती जागा ही. मागून सूत्रं कोण हलवतंय हे सांगायला इंग्रजीत दोऱ्या ओढतात, ते बघून लोक तिरार देल इलो लिहितात, पण त्याचा अर्थ धागा पकडून तपास करत जाणे असा होतोय! स्पॅनिश माणूस मोबेर लोस इलोस म्हणतो, मोबेर म्हणजे हलवणे, इलोस म्हणजे दोरे, अगदी आपलं सूत्रं हलवणं. म्हणून म्हणतोय, वाक्य आधी मराठीत करा आणि मग तिकडं न्या, इंग्रजीतून गेलात की फसताय.

पेलेले हा शब्दपण भेटेल. ते गवताचिंध्यांचं बाहुलं, स्पॅनिश चित्रकार गोयाच्या चित्रात चार बाया चादरीत घालून उडवतात तेच. माणसाला पेलेले म्हणणं म्हणजे बावळट, कुचकामी म्हणणं, त्यामुळं जपून वापरा, आणि सरकारला तीतेरेच बरं.

एक वाक्प्रचार पाठच करा: नो देहार तीतेरे कोन काबेसा, एकाही बाहुलीचं डोकं शाबूत न ठेवणे. पेठेतली टीम मॅच हरल्यावर कट्ट्यावर गोलकीपरपासून कोचपर्यंत सगळ्यांची जी सालटी काढतात ना, तिथं हाच बसतोय.