बॅटरीवरच्या रोटरी टूलने घरची बारीक कामे

जाड मार्करसारखे मुठीत मावणारे आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारे बॅटरीचे रोटरी टूल आता दोन-अडीच हजार रुपयांच्या आत मिळते, आणि ते घेतलेल्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते की जरा दाब दिला की ते थांबते. ही तक्रार खरी आहे. पण थांबण्यामागचे कारण नीट समजले, तर याच यंत्राकडून गंजलेला स्क्रू काढण्यापासून स्टीलच्या डब्यावर नाव घालण्यापर्यंत कितीतरी कामे स्वच्छ करून घेता येतात.

विजेच्या वायरीवर चालणारे मोठे रोटरी टूल साधारण १३० ते १७५ वॅटचे असते. ३.७ व्होल्टच्या एका लिथियम सेलवर चालणाऱ्या यंत्राने दोन अँपिअर प्रवाह घेतला, तरी हिशेब साडेसात वॅटच्या आतच राहतो. फेऱ्यांचा आकडा मोठा दिसतो म्हणून फसायला होते. परंतु १०० मिलिमीटरच्या अँगल ग्राइंडरची (लोखंड-टाइल कापायच्या मोठ्या यंत्राची) डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने धावत असते, तर आपल्या यंत्रावरची २४ मिलिमीटरची डिस्क १५,००० फेऱ्यांनाही १९ मीटरच्या आसपासच राहते. तेव्हा प्रत्येक वेळी अगदी थोडा माल काढायचा, आणि पुन्हा पुन्हा काढायचा, हीच या यंत्राची रीत आहे. दाब किती द्यावा हे डोळ्यांपेक्षा कान लवकर सांगतात. मोकळे फिरताना यंत्राचा जो बारीक सूर असतो, तो काम करताना किंचित उतरला तर चालते. तो जाड होऊ लागला, घरघर सुरू झाली, की हात उचलावा आणि सूर परत चढू द्यावा. मला हे कळायला काही महिने आणि बऱ्याच डिस्क लागल्या, म्हणून आधीच सांगतो.

यंत्र घरी आणल्यावर सर्वांत आधी कॉलेट तपासावे. ज्या चिरलेल्या पितळी किंवा पोलादी नळीत बिटची, म्हणजे यंत्राला पुढे लावायच्या बारीक हत्याराची, दांडी बसते ते कॉलेट. बाजारात दांड्या मुख्यतः तीन जाडीच्या मिळतात: दातांच्या डॉक्टरांकडे आणि सोनारांकडे चालणारी २.३५ मिलिमीटरची, ३ मिलिमीटरची आणि ३.२ मिलिमीटरची. दुकानात ‘ड्रेमेल साइज’ म्हणून जे मिळते ते शेवटच्या मापाचे असते. स्वस्त संचात ही मापे सरमिसळ असतात, आणि ३.२ च्या कॉलेटमध्ये २.३५ ची दांडी कितीही आवळली तरी ती नीट पकडली जात नाही. ती एक तर घसरते किंवा थोडी तिरकी बसून थरथरते. त्यामुळे बिट घेताना दांडीचे माप पाहूनच घ्यावे. बिट आत पूर्ण घालून मग एखादा मिलिमीटर मागे ओढावा आणि नट पान्याने आवळावा; बाहेर जितकी कमी दांडी राहील तितका थरकाप कमी. कॉलेट रिकामे असताना नट आवळू नये, कारण त्याने कॉलेटच्या चिरा कायमच्या दबतात. यंत्र फिरत असताना स्पिंडल (कॉलेट फिरवणारा दांडा) अडवण्याचे बटण चुकूनही दाबू नये.

नवा बिट लावल्यावर यंत्र चेहऱ्यापासून दूर धरून अर्धा मिनिट मोकळे चालवावे. बिटचे टोक एक ठिपका दिसते की धुरकट वर्तुळ दिसते, ते नीट पाहावे. वर्तुळ दिसले, तर बिट काढून, कॉलेट झटकून, बिट थोडा फिरवून पुन्हा बसवावा. तरीही वर्तुळ राहिले तर तो बिट वाकडा समजावा. दुसरे दोन-तीन सरळ बिट लावूनही तसेच दिसत असेल तर स्पिंडलच वाकडा आहे, आणि असे यंत्र परत करण्याची मुदत असेपर्यंत परत करावे. सवयीने ते सुधारत नाही.

आता गंजलेल्या स्क्रूचे काम घेऊ, कारण पावसाळ्यानंतर कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत ते हमखास निघते. बाल्कनीच्या दाराच्या कडी-कोयंड्याचा स्क्रू गंजून त्याची खाच पुसली गेलेली असते आणि स्क्रू-ड्रायव्हर नुसता गरगर फिरतो. अशा डोक्यावर कटिंग डिस्कने नवी सरळ खाच पाडली की चपटा स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा बसतो. ऐकायला हे सोपे वाटते, पण इथे एक अडचण आहे जी हातात यंत्र घेतल्याशिवाय ध्यानात येत नाही. खाच सरळ खाली जायची तर डिस्क दाराला काटकोनात हवी, म्हणजे यंत्र दाराला समांतर धरावे लागते. आणि मग यंत्राचे पोटच दाराला टेकते, डिस्क डोक्यापर्यंत पोहोचत नाही. २४ मिलिमीटरच्या डिस्कची कड केंद्रापासून अवघी १२ मिलिमीटर बाहेर असते, तर यंत्राचे पोट त्याहून जाड असते. यंत्र तिरके केले की खाचही तिरकी पडते आणि स्क्रू-ड्रायव्हर तिच्यातून निसटतो. म्हणून या कामाला ३२ किंवा ३८ मिलिमीटरची, आत काचेच्या धाग्यांची जाळी असलेली डिस्क घ्यावी, आणि तिच्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या कमाल वेगापेक्षा जास्त आहे ना, हे पाहून घ्यावे.

डोक्याच्या भोवतालचा रंग आणि लाकूड ठिणग्यांनी काळे पडू नये म्हणून ओले फडके घडी करून भोवती धरावे किंवा चिकटपट्टीने लावावे. गंज सोडवणारे तेल खाच पाडण्याआधी मुळीच टाकू नये. ठिणग्या आणि तेल एकत्र येऊ देणे धोक्याचे आहे. यंत्र पूर्ण वेगावर आल्यावरच डिस्क डोक्यावर टेकवावी, दोन-तीन सेकंद कापू द्यावे, उचलावी, पुन्हा टेकवावी. एक ते दीड मिलिमीटर खोल खाच पुरते. त्याहून खोल गेल्यास डोके दुभंगते. कापताना मनगट वळू देऊ नये. डिस्क कडेनेच कापते, तिच्या अंगावर बाजूने दाब आला की ती तुटते, आणि जाळी नसलेली पातळ लाल-तपकिरी डिस्क तर बिस्किटासारखी तुटते. माझी पहिली डिस्क अशीच खाचेतून बाहेर काढताना हात वाकडा झाल्याने फुटली आणि तिचा तुकडा चष्म्याच्या काचेवर आदळला. तेव्हापासून चष्म्यावरूनही बसणारा बाजूबंद गॉगल घातल्याखेरीज मी हे यंत्र सुरू करत नाही आणि दुसऱ्या कोणालाही करू देत नाही. खाच पडली, धातू निवला, की मग तेलाचा थेंब टाकावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडवण्याच्या दिशेने जोर द्यावा.

अशा डिस्कने तीन-चार मिलिमीटर जाडीचा खिळा, सायकलची तार, पडद्याची पातळ नळी हे कापता येते. त्याहून जाड बोल्ट किंवा सळई कापायला बसू नये. हॅक-सॉ ते काम कमी वेळात आणि बॅटरी न संपवता करतो. कापल्यावर कडेला राहिलेली टोकदार कुसळे घासायला मात्र हे यंत्र फार चांगले. पोलादासाठी गुलाबी किंवा तपकिरी दगड वापरावा. हिरवट दगड काच, दगड आणि चिनी मातीसाठी असतो. ॲल्युमिनियमवर यांपैकी कोणताही दगड लावू नये, कारण मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरून बसतो आणि दगड गुळगुळीत होतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीसाठी दातेरी पोलादी बर (कोरायचा छोटा बिट) घ्यावा आणि त्याला मधूनमधून मेणबत्तीचे मेण लावावे. दात कमी भरतात.

स्टीलच्या भांड्यावर नाव घालणे हे या यंत्राचे मला सर्वांत आवडणारे काम आहे. भांड्यांच्या दुकानात जे यंत्र असते त्याची सुई ठोके देत चालते, म्हणून तिथली अक्षरे ठिपक्याठिपक्यांची दिसतात. आपले यंत्र फिरते, ठोके देत नाही. त्यामुळे लेखणीसारखी सलग रेघ ओढू गेल्यास बर फिरण्याच्या दिशेने घसरतो आणि डब्यावर लांब ओरखडा उठतो. एक मिलिमीटरच्या आसपासचा गोल हिऱ्याचा बर लावावा, वेग मध्यम ठेवावा. डबा साबणाने धुऊन कोरडा करावा, पातळ कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने नाव लिहावे आणि डबा दुमडलेल्या टॉवेलवर असा टेकवावा की तो लोळणार नाही. यंत्र पेनासारखे, पण टोकाजवळ धरावे आणि करंगळी डब्यावरच टेकलेली असावी. हवेत तरंगणाऱ्या हाताने अक्षर येत नाही. आधी अक्षरांच्या उभ्या रेघा छोट्या छोट्या तुकड्यांत, स्वतःकडे ओढत घ्याव्यात. वळणे ठिपके देत पूर्ण करावीत. आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी, कारण ती एकदा पडली की अक्षरांची उंची बदलता येत नाही. ‘श’ आणि ‘ळ’ यांची वळणे अवघड जातात, म्हणून ती आधी जुन्या ताटलीवर चार-पाच वेळा गिरवून पाहावीत. नाव डब्याच्या बाहेरून, काठाखाली किंवा तळाला घालावे. आतल्या बाजूला नको. हिऱ्याचा बर अशा वरवरच्या खुणांपुरता स्टीलवर चालतो, पण पोलाद घासून काढायला तो वापरू नये, कारण तापलेल्या लोखंडाच्या संगतीत हिऱ्यातला कार्बन लोखंडात मुरू लागतो आणि कण बोथट होतात.

भोके पाडण्याबाबत गैरसमज बराच आहे. पोलादात भोक पाडताना ड्रिलच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या जवळपास असावा असे धरले, तर ३ मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे २,६५० फेरे लागतात, आणि हे यंत्र सगळ्यांत हळू चालवले तरी बहुधा ५,००० च्या खाली येत नाही. म्हणून ड्रिलचे टोक निळे पडते, नरम होते आणि भोक अर्धवट राहते. उलट १ मिलिमीटरच्या ड्रिलला याच हिशेबाने जवळपास ८,००० फेरे लागतात, जे या यंत्राच्या अगदी आवाक्यात आहेत. त्यामुळे सर्किट बोर्डाची भोके, पितळी पत्र्यातली दागिन्यांसाठीची भोके, लाकडात बारीक खिळ्याआधीचे भोक ही याची कामे. भिंत आणि जाड लोखंड ही नव्हेत. धातूवर आधी पंचाने (टोकदार पोलादी कांडीने) ठोकून खूण उमटवावी, नाहीतर टोक सरकते.

लाकडावर अर्ध्या इंची सँडिंग ड्रम (सँडपेपर चढवलेला छोटा गोल रूळ) सर्वांत उपयोगी. कडीची दांडी चौकटीच्या भोकात अडकत असेल तर त्या भोकाची एक बाजू पाव इंची ड्रमने चटकन रुंद करता येते. ड्रम एका जागी थांबला की लाकूड करपते, म्हणून तो सतत हलता ठेवावा. कोणतेही काम करताना शक्यतो बिट ज्या दिशेने यंत्राला ओढतो तिच्या उलट दिशेने हात न्यावा. त्याच दिशेने नेल्यास बिट कडेवर चढून पळतो. छोटी वस्तू हातात धरून काम करू नये. ती शेगड्यात (व्हाइसमध्ये), आणि शेगडा नसेल तर टेबलाच्या कडेला क्लॅम्पने, घट्ट बसवावी.

गॉगलविषयी वर लिहिलेच आहे. त्याच्या जोडीला धुळीचा मास्क हवा, विशेषतः एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि टाइल घासताना. टाइलवर पाण्याचा थेंब सोडत काम केले तर धूळ उडत नाही, मात्र चार्जिंगच्या खाचेत पाणी जाऊ देऊ नये. केस बांधलेले, पदर किंवा ओढणी खोचलेली आणि बाह्या दुमडलेल्या असाव्यात. सैल कापडी हातमोजे घालू नयेत. धागा बिटमध्ये गुंतला तर बोट ओढले जाते. तारेचा ब्रश असेल तर त्याच्या तारा सुटून उडतात, हे लक्षात ठेवून समोर कोणी उभे नाही ना ते पाहावे आणि वेग १५,००० च्या वर नेऊ नये.

बॅटरीची काळजी थोडकीच आहे, पण ती घेतली जात नाही. यंत्राचे अंग हाताला गरम लागले की काम थांबवावे आणि ते निवल्यावरच चार्जरला लावावे. लिथियम सेल पूर्ण रिकामा करून चार्ज करण्याची गरज नसते; उलट तो रिकामा करून महिनोन्महिने ठेवला तर पुन्हा चार्ज होईलच असे नाही. बरेच दिवस वापरायचे नसल्यास निम्मा चार्ज करून ठेवावा, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर कधीच ठेवू नये. पावसाळ्यात बिट आणि डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. पोलादी बिट त्याने गंजत नाहीत. आणि राळेने बांधलेल्या कटिंग डिस्क ओल धरून कमजोर होतात, तेही टळते. डब्यातून डिस्क काढताना ती उजेडात धरून कडेला चीर नाही ना ते पाहावे, आणि चीर दिसली तर ती मोडूनच कचऱ्यात टाकावी, म्हणजे घरातले दुसरे कोणी ती उचलून लावणार नाही.